जावयाच्या आवडीचं वाण

जावई हा दहावा ग्रह, असं आपले जुने लोक म्हणून गेले. नुसतं म्हणून थांबले नाहीत, त्या ग्रहाच्या शांतीसाठी दर तीन वर्षांनी एक अख्खा महिना बाजूला काढून ठेवून गेले. पंचांगात तो अधिक महिना, बायकांच्या तोंडी धोंड्याचा. त्या महिन्यात लेक-जावयाला घरी बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे करून जेवू घालायचं, आणि तेहतीस अनारसे ताटात रचून, वर दिवा ठेवून जावयाला वाण द्यायचं. वाणात जे द्यायचं ते जाळीदार असावं असाही नियम आहे, म्हणून तर अनारसे. तेहतीसच का आणि जाळीच का, हे विचारत बसू नये. आजवर कुठल्या जावयानं विचारल्याचं ऐकिवात नाही.

पुसेगावच्या शालूबाईनं यंदा जावयाला धोंड्याचं बोलावणं धाडलं तेव्हा मात्र गावानं तोंडात बोट घातलं. कारण जावई होता, लेक नव्हती. आरोहीला जाऊन दीड वर्ष झालं होतं. पुण्यात डेंगी झाला, चार दिवस ताप, पाचव्या दिवशी सकाळी फोन. लग्नाला तीन वर्षंही पुरी झाली नव्हती. लेकरूबाळ नव्हतं.

शालूबाईची जाऊ जिवनबाई भिंतीला भिंत लावून राहायची. चुलीवर काय शिजतंय ते तिला वासावरून कळायचं आणि मनात काय शिजतंय ते त्याच्याही आधी. ती दारातूनच म्हणाली, "लक्ष्मीच न्हाई तं नारायणाला कोनाच्या बाजूला बसवशीन? जोडीबिगर वाण देल्याचं मी तं ऐकलं न्हाई कुठं."

"बाजूच्या पाटावर सुपारी ठेवीन," शालूबाई म्हणाली.

"सुपारी?"

"पूजेला बायको नसली तं माणूस सुपारी घेऊनच बसतो न्हाई का. महाराजाला इचारलं म्या. चालतं म्हनले."

जिवनबाई उंबऱ्यातूनच मागं फिरली आणि घरी गेली.

खरं सांगायचं तर शालूबाईला जावयाला आत्ताच बोलवायचं होतं, आणि त्याचं कारण औंढ्याहून आलं होतं. जावई सोमेश्वर मूळचा औंढा नागनाथचा, नोकरीला पुण्यात. त्याच्या आईनं मुली बघायला सुरुवात केली होती. ही बातमी शालूबाईला दोघी-तिघींनी आणून दिली, प्रत्येकीनं आवाज खाली घेऊन. शालूबाई त्यांना म्हणाली, "बराबर हाय. बत्तीस वर्षांचं पोरगं, किती दिवस एकटं राहीन?" हे ती मनापासून म्हणाली. यात कुणाचंच काही चुकत नव्हतं. फक्त पुढचा धोंडा तीन वर्षांनी, आणि तेव्हा हा माणूस दुसऱ्या कुणाच्या तरी घरात पाटावर बसलेला असणार. जावई म्हणून या घरी यायची ही त्याची शेवटची खेप होती, हे तिला दिसत होतं.

आरोहीचं म्हणून आता काय उरलं होतं? एक फोटो, कपाटात साड्या, आणि दर पंधरा दिवसांनी फोन करून "आई, जेवलात का" असं विचारणारा हा एक माणूस. तोही गेला की संपलं. म्हणून वाण असं द्यायचं की त्यानं ते फेकू नये, कुणाला देऊ नये, नव्या संसारातही कुठंतरी ठेवावं. एवढीच तिची इच्छा होती. बाकी इच्छा म्हणाव्यात अशा काही राहिल्या नव्हत्या.

राहिल्या नव्हत्या म्हणजे खरोखरच नव्हत्या. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल आपला असून आपला लागत नाही, तसं तिचं दीड वर्ष सगळं अंग झालं होतं. औंढ्याला मातीच्या दिवशी बायका ऊर बडवून रडत होत्या आणि ही पाण्याच्या घागरी मोजून आत नेत होती, आलेल्यांना चहा पुरेल का बघत होती. लोकांनी दोन दिवस कौतुक केलं, मग नावं ठेवली. आईचं काळीज हाय का दगड, असंही कुणी बोललं. शालूबाईनं ते ऐकलं आणि तिला ते पटलं. तेव्हापासून ती उठत होती, शेतातली हळद काढत होती, जेवत होती, मीठ कमी पडलं तर वरून घेत होती. रडू आलं नाही. आनंद नाही, राग नाही, काहीच आलं नाही.

जावयाला काय आवडतं हे मात्र तिला ठाऊक होतं. मागच्या धोंड्याच्या वेळी आरोहीनंच फोनवर सांगितलं होतं. "आई, समई-बिमई नको. सफारीचं कापड तर बिलकूल नको. यांना वाइनची आवड हाय."

"दारू?"

"दारू न्हाई गं. द्राक्षाची. मोठी माणसं घेतात जेवताना एखादा ग्लास. त्याचे लांब दांडीचे ग्लास असतात. अन् कपड्यांचं बी यांचं लई असतं. साधेच, पण नीट. लिनेनचे. बघ, असं काही दिलं तर लई खूश होतील."

शालूबाई तेव्हा पोट धरून हसली होती. "बाई, वाणाच्या ताटात दारूचा पेला ठेवू व्हय? तुझा बाप मला पेल्यासकट बाहेर काढीन." आणि तिनं अनारसे, चांदीची समई आणि सफारीचं कापड दिलं होतं. जावयानं कापड मांडीवर घेऊन "छान आहे" म्हटलं होतं. ते कापड त्यानं शिवलं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

लेकीनं एक गोष्ट सांगितली होती आणि आपण ऐकली नाही. ती आता ऐकायची, असं तिनं ठरवलं. दुःखानं नाही, राहिलेलं काम उरकावं तसं ठरवलं.

सून पुनम हिंगोलीची, बारावी झालेली, फोन चालवण्यात पटाईत. दुपारी सासरे सोनाजी आणि नवरा बालाजी शेतातल्या आखाड्यावर गेले की सासू-सुना ओसरीवर बसायच्या आणि पुनम फोनवर शोधायची. वाइनच्या आणि स्टाइलच्या शौकिनांना काय भेट द्यावी, असं तिनं बोलून विचारलं, आणि फोननं भडाभडा ओकलं. शालूबाईनं चष्मा लावला.

"हे बाटलीचं बूच काढायचं," पुनम बोटानं सरकवत सांगू लागली. "हे उरलेल्या बाटलीला लावायचं टोपण, वर पितळी हरीण हाय. ही बाटली न्यायची कातडी पिशवी."

"बाटलीला पिशवी?"

"खांद्याला लावायची. अन् हे थर्मामीटर."

"कोनाला ताप हाय?"

"बाटलीला. किती गार हाय ते बघायचं."

शालूबाई त्या थर्मामीटरकडे बघत राहिली. पुण्याहून चार दिवस फोनवर आकडेच येत होते. एकशे तीन, एकशे चार, मग एकशे दोन, उतरला बरं का, मग पुन्हा चार. तिनं वाट पाहिली, आतून काही येतं का. काही आलं नाही. "पुढं चाल," ती म्हणाली.

पुढं सदऱ्याच्या बाह्यांना लावायची, द्राक्षाच्या घडाच्या आकाराची बटणं निघाली. कोटाच्या खिशात ठेवायचा रेशमी रुमाल निघाला, ज्यानं नाक पुसायचं नाही, घाम पुसायचा नाही, फक्त टोक बाहेर दाखवायचं. "म्हंजे आपल्या सरपंचासारखा," शालूबाई म्हणाली. पुनमला हसू आलं, पण सासू हसत नाही बघून तिनं ते गिळलं.

आणि मग ते निघालं. वाटीएवढं, चकचकीत, खाली नळी आणि वर बारीक भोकांची जाळी. पुनमनं वाचलं. वाइन ओतताना हे ग्लासावर धरायचं. तिच्यातला गाळ जाळीत राहतो, धार फुटून तिला हवा लागते, आणि चव खुलते म्हणे.

शालूबाईनं फोन हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं दोन बोटांनी चित्र मोठं केलं. "जाळी हाय," ती म्हणाली.

"हाय."

"चांदीचं?"

"चांदीचं पाणी देलेलं."

"मग हेच. वाणाला चालतंय. शास्त्रात बसतंय." आणि शास्त्राची व लाल वाइनची अशी गाठ घालून तिनं फोन परत दिला. ज्यांनी शास्त्र लिहिलं त्यांना काय वाटलं असतं कोण जाणे, पण जाळी ती जाळी.

"बाटली बी मागवायची का?" पुनमनं भीत भीत विचारलं.

"बाटली न्हाई. लगाम आपण देऊ, घोडा त्यांचा त्यांनी आणावा."

पार्सल पुसेगावात कधी पोचेल याचा भरवसा नव्हता, म्हणून पुनमच्या माहेरचा हिंगोलीतला पत्ता दिला. आठवड्यानं ते आल्याचा निरोप आला, तशा दोघी एसटीनं हिंगोलीला गेल्या. मे महिन्याचं ऊन, बसच्या खिडकीची दांडी हाताला चटका देत होती. पार्सल घेऊन, पुनमच्या आईच्या हातचं ताक पिऊन त्या बाजारात शिरल्या. आधी ग्लास.

काचसामानाच्या दुकानदारानं शालूबाईचं लुगडं बघून आधी लोणच्याच्या बरण्या काढल्या. पुनमनं लांब दांडीचे ग्लास म्हटल्यावर तो फळीवर चढला आणि वरून एक खोका उतरवला. "आइस्क्रीम के लिए चाहिए क्या?" त्यानं विचारलं.

"वाइन प्यायला," शालूबाई म्हणाली.

दुकानातल्या दोन बायकांनी मान वळवली. दुकानदारानं एकदा सासूकडे, एकदा सुनेकडे पाहिलं आणि मोठ्या अदबीनं खोका उघडला. ग्लास खरोखर देखणा होता. पातळ, पोट मोठं, तोंड जरा आत घेतलेलं, दांडी करंगळीपेक्षा बारीक. शालूबाईनं तो उजेडात धरला. याला घासायचं कसं, असा विचार तिच्या मनात आला, आणि तोच पुण्याच्या घरात आरोहीच्याही मनात आला असेल, असंही वाटलं.

"किती द्यायचे?"

"एकच..." पुनम म्हणायला गेली आणि थांबली.

"दोन," शालूबाई म्हणाली. "जोडी."

दुकानदार म्हणाला, सेट सहाचा आहे, फोडता येत नाही. शालूबाईनं घासाघीस केली नाही. पुनमला त्याचीच काळजी वाटली, कारण ही बाई कोथिंबिरीच्या जुडीसाठी अर्धा तास उभी राहणारी होती. सहाही ग्लास बांधून घेतले.

कपड्याच्या दुकानात पोऱ्यानं आधी जरीची जाकिटं टाकली, मग फुलाफुलांचे शर्ट टाकले. शालूबाईनं हातानंच बाजूला सारले. "साधं दाखव. पण नीट." ते लेकीचे शब्द होते, तिला ते तोंडपाठ होते. शेवटी एक लिनेनचा शर्ट निघाला, ताकासारख्या पांढऱ्या रंगाचा. हात फिरवल्यावर जरा खरखरीत. "हे चुरगळतंय की लगेच," तिनं म्हटलं.

"मावशी, तीच त्याची स्टाइल हाय," पोऱ्या म्हणाला.

चुरगळण्यासाठी एवढं द्यायचं म्हणजे कठीणच, पण तिनं घेतला. वरून तो रेशमी रुमालही घेतला, मोरपंखी. बसमध्ये बसल्यावर तिनं सगळ्या पिशव्या मांडीवर घेतल्या. पुनमनं एखादी धरते म्हटलं, तर दिली नाही.

"आई, तुमाला बरं वाटलं का?" पुनमनं विचारलं.

शालूबाईनं थोडा विचार केला. "जावयाला आवडलं म्हंजे झालं," ती म्हणाली.

ठरल्या दिवशी सोमेश्वर औंढ्याहून मोटारसायकलवर आला. शालूबाई दारात भाकरतुकडा ओवाळायला उभी होती, तिच्या नजरेनं पहिल्यांदा टिपला तो त्याचा शर्ट. निळा, रंग उडालेला, कॉलर एका बाजूनं दुमडलेली. गडद तपकिरी पँटवर काळा पट्टा. बाईमाणूस नसलं की पुरुषाचं असं होतं, तिनं मनात म्हटलं. दीड वर्षात हाल झाले पोराचे.

सोनाजीनं त्याला पाणी दिलं, हळदीच्या भावाचं विचारलं, मग पुण्यातल्या उन्हाचं, मग विचारण्यासारखं काही राहिलं नाही. सोनाजी तसाही अबोल माणूस, लेक गेल्यापासून तर दिवसाला दहा शब्दांत भागवायचा. बालाजी पावण्याला पंखा नीट लागतो का बघत होता. आतल्या खोलीत दोन पाट मांडले होते. एकावर सोमेश्वर बसला. दुसऱ्यावर तांदळाच्या छोट्या राशीवर सुपारी, तिला हळद-कुंकू. सोमेश्वरनं पाटाकडे पाहिलं आणि जरा सरकून बसला, शेजारच्याला जागा द्यावी तसा.

जेवणं झाली. धोंडे, तूप, कटाची आमटी. तो पोटभर जेवला, आणखी एक वाढा म्हणाला, त्यात खोटं काही नव्हतं. मग शालूबाईनं वाणाचं ताट आणलं. तेहतीस अनारसे, वर दिवा, बाजूला घडी केलेला शर्ट, त्यावर मोरपंखी रुमाल, दोन ग्लास, आणि मधोमध ते चांदीचं जाळीदार. सोनाजीला तिनं ग्लास सरबताचे म्हणून सांगितले होते. जाळीबद्दल त्यानं विचारलं नव्हतं.

सोमेश्वरनं ताट घेतलं. शर्ट पाहिला. ग्लासाच्या दांडीला बोट लावलं. मग ती जाळी उचलली आणि त्याचा हात तिथंच थांबला.

"आवडलं का?" शालूबाईनं विचारलं.

"आई, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आरोहीनंच. तुमची आवड. मागच्या धोंड्यालाच सांगितलं व्हतं तिनं, तवा मला उमजलं न्हाई. आता म्हनलं, राहू नये." तिनं ग्लास जरा पुढं सरकवला. "लाजू नका. आमी काही म्हनत न्हाई. मोठी माणसं घेतात जेवताना."

सोमेश्वर खोटं बोलू शकला असता. "फार आवडलं" म्हटलं असतं तर सगळं नीट पार पडलं असतं, जावयाच्या रीतीला शोभूनही दिसलं असतं. पण हा पोरगा असा साधा, की त्याला ते सुचलंच नाही.

"मी वाइन पीत नाही, आई," तो म्हणाला. "कधीच नाही. मला पित्त होतं त्यानं. ती घ्यायची."

"कोन?"

"आरोही. शनिवारी संध्याकाळी, एकच ग्लास. गॅलरीत बसून. तिच्या हापिसातल्या मैत्रिणीनं शिकवलं होतं. असली जाळी घ्यायची म्हणून किती दिवस मागे लागली होती. मी म्हणायचो, कशाला उगाच."

सोनाजी भिंतीकडे बघत होता.

"अन् कपडे?" शालूबाईनं विचारलं. "लिनेन?"

"मला काय कळतंय त्यातलं. तीच आणायची, तीच इस्त्री करून ठेवायची. तुम्ही बघताच आहात माझं." त्यानं स्वतःच्या कॉलरला हात लावला. ती अजून दुमडलेलीच होती.

"मग ती काहून म्हनली, यांना आवडतं म्हनून?"

पुनमनं ताटाजवळचं तूप उचललं आणि परत तिथंच ठेवलं. तिची मान खाली होती. या प्रश्नाचं उत्तर त्या खोलीतल्या बायकांना विचारायची गरजच नव्हती. शालूबाईनं स्वतः पस्तीस वर्षं काय केलं होतं? घराला गुलाबी रंग "यांना" आवडला म्हणून दिला. टीव्ही "यांना" बातम्या बघायला म्हणून आणला. जावेच्या पोरीच्या बारशाला "यांना" आवडत नाही म्हणून गेली नाही. बिचाऱ्या सोनाजीला यातलं निम्मं ठाऊकही नव्हतं. बाईची आवड नवऱ्याच्या नावावर खपवायची, ही विद्या आरोही कुठल्या कॉलेजात शिकली नव्हती.

आता एकेक फोन शालूबाईला आठवायला लागला. यांना डोंगरात फिरायला आवडतं. यांना सकाळी कुणाचा फोन आलेला आवडत नाही. यांना मी केस कापलेले आवडतात. आणि त्यातलाच आणखी एक होता, ज्यासाठी तिनं या पोरावर मनातल्या मनात दीड वर्ष राग धरायला हवा होता, पण धरायला राग नव्हता.

"एक इचारते," ती म्हणाली. "यांना एवढ्यात लेकरू नको म्हनतात, असं म्हनली व्हती. ते बी?"

सोमेश्वरनं जाळी ताटात ठेवली. "तिला थोडं थांबायचं होतं," तो म्हणाला. "आईला वाईट वाटेल, म्हणून माझं नाव सांगते म्हणाली. मी म्हटलं, सांग. माझ्यावर रागावल्या तर रागावू देत."

शालूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. जावई म्हणून ज्याला चार वर्षं ओवाळलं, तो हा नव्हताच. हा पित्ताचा त्रास असलेला, रंग न कळणारा, बायकोच्या वाट्याचं बोलणं आपल्या अंगावर घेणारा कुणीतरी पोरगा होता. आणि लेक म्हणून जिला पोटात वाढवलं, तिला तर ही बाई ओळखतच नव्हती. केस कापलेली, शनिवारी गॅलरीत लाल ग्लास घेऊन बसलेली. गोष्ट आईला सांगून टाकायची, आणि आईला सोडून सगळ्यांना माहीत. त्या दिवशी फोनवर तिनं एवढं मन करून, नवऱ्याच्या आडून का होईना, आपल्याला काय हवं ते आईला मागितलं होतं. आणि आई पोट धरून हसली होती.

आतून काय येतंय ते आधी तिला कळलंच नाही. मग कळलं, राग. दीड वर्षांनी पहिल्यांदा काहीतरी आलं.

"मला सांगायला काय झालं व्हतं तिला?" तिचा आवाज चढला. "मी काय वाघीण हाय व्हय? खाल्लं असतं का? एक ग्लास मागितला असता तं म्या न्हाई म्हनलं असतं का? म्हनलं असतं. मग भांडली असती. आईशी भांडायला काय व्हतंय? सगळ्या जगाला माहीत, गॅलरीला माहीत, अन् मला न्हाई."

"शालू," सोनाजी म्हणाला.

"तुमी गप बसा. येऊ दे तिला आता. येऊ दे घरी. दारातच उभी करून इचारते, बराबर इचारते..."

बालाजी दारातून बाहेर गेला. सोमेश्वर सुपारीच्या पाटाकडे बघत होता. शालूबाई उत्तराची वाट बघत उभी राहिली, आणि मग ती काय बोलली ते तिचं तिलाच ऐकू आलं.

ती आहे तिथंच खाली बसली. तोंडातून आवाज निघाला तो तिचा वाटला नाही. सोनाजी उठून तिच्याजवळ आला आणि नुसता उभा राहिला, पुनमनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, पण तो आवाज थांबेना. भिंतीपलीकडे भांडं पडलं. जिवनबाई पदर सावरत, अनवाणी, धापा टाकत दारात आली आणि चौकट धरून उभी राहिली.

"काय झालं गं माय? कोन गेलं?"

"आरोहीताई," पुनम म्हणाली.